हवेची वाटणी

शनिवार, रात्री साडेदहा

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते आणि आमचा दिवस आदल्या रात्री सुरू होतो. महापालिका मार्गावर बस अजून धावतायत, त्यामुळे रस्त्यावर शिडी लावायची सोय नाही. तोवर आझाद मैदानातलं काम उरकून घ्यायचं. मांडववाल्यांचे तंबू उभे राहिलेत, वीजवाले केबल ओढतायत आणि आम्ही कपाळाला टॉर्च बांधून आमचे खांब तपासत फिरतोय.

काम सांगायला सोपं आहे. पन्नास हजारांहून जास्त माणसं धावणार. त्यांना बघायला आणि घ्यायला येणारी वेगळी. एवढे फोन एका जागी आले की मोबाइलचं नेटवर्क आडवं होतं. म्हणून मैदानात आणि फिनिशच्या परिसरात काही तासांपुरतं उघड्यावरचं वाय-फाय उभं करायचं: आधी वेळमोजणीवाल्यांसाठी, मग डॉक्टरांच्या तंबूसाठी, मग पत्रकारांसाठी आणि मग सगळ्यांसाठी. हा क्रम महत्त्वाचा. जागा कमी पडली तर शेवटाकडून कापायचं, हे रात्रीच कागदावर ठरलेलं असतं. सकाळी नऊ वाजता कुणाचा फोन येतो त्यावर ते सोडलं तर डॉक्टरांच्या आधी जाहिरातदारांचा नंबर लागेल.

साडेअकरा

फायबर मैदानात येत नाही, पलीकडच्या एका इमारतीपर्यंत येतो. तिच्या गच्चीवर एक डिश, मैदानातल्या लोखंडी मनोऱ्यावर दुसरी, दोघी एकमेकींकडे तोंड करून. अंतर जेमतेम अर्धा किलोमीटर. दुपारी ही लिंक ठणठणीत होती, आता सिग्नल पडलाय.

मनोऱ्यावर चढलेला पोरगा वरून ओरडतो, "मॅडम, समोरची डिश एकदम क्लिअर दिसतेय!"

दिसतेय हे खरं, पण रेडिओचं तेवढ्यावर भागत नाही. लहरींना नजरेच्या रेषेभोवती मोकळी जागा लागते. ती दोन्ही टोकांशी निमुळती आणि मधोमध फुगलेली असते. ५ गिगाहर्ट्झला अर्ध्या किलोमीटरच्या लिंकमध्ये मधल्या ठिकाणी या फुगवट्याची त्रिज्या अडीच मीटरच्या थोडी वर जाते आणि त्यातला साठ टक्के भाग तरी रिकामा हवा. संध्याकाळनंतर कुणीतरी मध्ये जाहिरातीची कमान उभी केलीय. तिचा वरचा पाइप बरोबर त्या फुगवट्यात घुसलाय. कमान हलणार नाही, तिचे पैसे भरलेले आहेत. आम्ही मनोऱ्याला वरचा तुकडा जोडतो आणि डिश आणखी उंच नेतो.

मग डिश जुळवायचं काम. खाली मी सिग्नलचे आकडे वाचते, वर तो पान्याने डिश केसभर फिरवतो. उणे ६१. उणे ५८. उणे ५५. उणे ५७. "गेला, गेला, मागे घे." पुन्हा उणे ५५. इथे नट आवळायचा, आणि आवळतानाच डिश जराशी सरकते. एकच नट एका दमात आवळला तर ती हमखास सरकते. म्हणून डावा पाव वळसा, उजवा पाव वळसा, परत डावा, असं करत जायचं. याला वीस मिनिटं लागतात आणि ती देण्यात काहीच चूक नाही. सकाळी याच वाटेने सगळं जाणार आहे.

रविवार, रात्री एक

आता लॅपटॉप उघडून हवा बघायची. वाय-फाय म्हणजे एकच माईक असलेली सभा. एका चॅनलवर एका वेळी एकच यंत्र बोलू शकतं, बाकीच्यांनी गप्प राहून आपली पाळी यायची वाट बघायची. दोघं एकदम बोलले तर दोघांचंही वाया जातं आणि दोघांनाही परत बोलावं लागतं. माझं सगळं काम या एका गोष्टीभोवती फिरतं. लोक वेग विचारतात, मी मात्र पाळ्या मोजत असते.

२.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. हा पट्टा आपल्याकडे २००५ साली परवानामुक्त झाला आणि आज त्यात ब्लूटूथपासून स्टॉलवाल्याच्या स्पीकरपर्यंत सगळेच आहेत. गर्दीच्या ठिकाणी मी तो बहुतेक रेडिओंवर बंदच ठेवते. खरी मदार ५ गिगाहर्ट्झवर. २०१८च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने तिथला ६०५ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्याशिवाय, उघड्यावरही वापरायला मोकळा केला. मैदानातलं वाय-फाय आपल्याकडे नीट जमू लागलं त्याचं मोठं श्रेय मी त्या निर्णयाला देते. आपल्या खात्यात एवढी हवा नसती तर कितीही महागडी यंत्रं आणून उपयोग नव्हता.

त्यातही एक मेख आहे. मधले काही चॅनल रडारबरोबर वाटून घ्यायचे असतात. रडारसारखं काही ऐकू आलं की यंत्राने तो चॅनल तिथल्या तिथे सोडायचा आणि अर्धा तास त्याच्याकडे फिरकायचं नाही. तशाच दुसऱ्या चॅनलवर जायचं तर आधी मिनिटभर नुसतं कान देऊन ऐकायचं. नौदलाची गोदी इथून लांब नाही. डॉक्टरांच्या तंबूतला रेडिओ ऐन वेळी मिनिटभर मुका होणं मला परवडणारं नाही, तेव्हा तिथे आणि फिनिशला रडारचा संबंध नसलेले चॅनल द्यायचे आणि उरलेले गर्दीसाठी ठेवायचे.

तीन

या तासात सगळं हाताचं काम. जानेवारीच्या पहाटे मैदानात दव पडतं, लोखंडाला हात लावला की ओला होतो. प्रत्येक रेडिओजवळ केबल आत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्यायचा, म्हणजे थेंब झोळाच्या तळाशी जमून गळतो, यंत्रात शिरत नाही. झोळ दिलाय का, रबराची गोट नीट बसलीय का, जनरेटरची अर्थिंग लागलीय का, हे बघून त्या खांबावर खडूने बरोबरची खूण करायची. एका खांबावर झोळ नाही. लावणाऱ्याने केबल वरून सरळ आत घातलीय. कनेक्टर काढून फुंकर मारून, पुसून, कापून नवा बसवला. त्याच केबलमधून वीजही जाते, त्यामुळे पाणी शिरलं तर एक रेडिओ गेला एवढ्यावर भागत नाही.

जनरेटरवाले काका चहा देतात. "ताई, यंदा किती लोक जोडणार?" मी सांगते की जोडलेल्यांचा आकडा मोठा दिसतो, पण मी बघते ते जोडलेल्यांपैकी कितींचं काम झालं.

साडेचार

पहाटेच्या खास लोकल सीएसएमटीला लागायला लागल्या. कल्याणकडून, पनवेलकडून आलेली माणसं थेट स्टार्टकडे चाललीत. पूर्ण मॅरेथॉनच्या हौशी धावपटूंची सुरुवात पाचच्या सुमारास इथून, आणि त्याच सुमारास अर्ध्या मॅरेथॉनची माहीमहून.

रात्रभर जे मोजलं त्यातलं अर्धं आता खोटं ठरणार. रिकाम्या मैदानात दोनशे फुटांवरूनही सिग्नल छान येतो. तिथे माणसं उभी राहिली की चित्र बदलतं, कारण माणसाच्या अंगात पाणी आणि पाणी या लहरी पिऊन टाकतं. मध्ये एक माणूस आला तरी सिग्नल निम्म्याच्या आसपास येतो आणि इथे एकामागे एक चाळीस उभे आहेत. म्हणून गर्दीसाठीचे अँटेना डोक्यांवरून खाली बघणारे लावायचे, पुढे लांब बघणारे नाहीत. प्रत्येक अँटेनाने आपल्या पायाखालचा तुकडा सांभाळायचा, पलीकडच्याचा नाही.

नवीन मुलं इथे चुकतात. सिग्नल कमी वाटला की ती रेडिओची ताकद वाढवतात. आमच्या यंत्राला २.४ गिगाहर्ट्झवर अँटेना धरून ४ वॅटपर्यंत मुभा आहे. तुमच्या खिशातला फोन फार तर ०.१ वॅटच्या आसपास बोलतो, पुष्कळदा त्याहून हळू. आम्ही भोंगा लावून ओरडलो तर तुमच्या फोनवर सगळ्या रेघा भरलेल्या दिसतील, पण तुमचं उत्तर आमच्यापर्यंत पोचणार नाही. "नेटवर्क फुल्ल आहे तरी काही उघडत नाही" ही तक्रार अनेकदा इथूनच येते. आम्ही ताकद कमी करतो, खांब वाढवतो आणि तुमचा फोन जिथवर बोलू शकतो तिथपर्यंतच बोलतो.

सहा ते सात

दहा किलोमीटरवाले सुटले. स्टार्टवरचा भार एकदम उतरतो. पूर्ण मॅरेथॉनवाले पुढे सी लिंक ओलांडतील, येताना पेडर रोडचा चढ त्यांची वाट बघतोय. आमच्या पडद्यावर त्यांची एकच खूण दिसते: वेळमोजणीचे आकडे.

प्रत्येकाच्या छातीवरच्या क्रमांकात, म्हणजे बिबमध्ये, एक चिप असते. तिला स्वतःची बॅटरी नसते. रस्त्यावर अंथरलेल्या पट्टीवरून पाय गेला की पट्टीतल्या अँटेनाच्या लहरींवर ती जागी होते, आपला क्रमांक सांगते आणि पट्टीशेजारचा डबा वेळ टिपतो. लोकांना भीती वाटते की नेट गेलं तर माझी वेळ गेली. तसं होत नाही. डबा वेळ स्वतःजवळ साठवतो, नेटवरून फक्त तिची प्रत जाते. आमच्यामुळे थांबू शकते ती घरच्यांच्या फोनवरची बातमी: अमुक क्रमांक अर्ध्यावर पोचला. ती बातमी इवलीशी असते, पण तिची वाट बघणारी माणसं अमरावतीपासून अमेरिकेपर्यंत बसलेली असतात. म्हणूनच ती रांगेत सगळ्यांच्या पुढे.

सव्वाआठ

सात-वीसच्या सुमारास अव्वल धावपटू सुटले तेव्हा कॅमेरे खूप होते, फोन कमी. आता ड्रीम रन. जेमतेम सहा किलोमीटर, हजारो माणसं, कुणी झाशीची राणी, कुणी झाडं वाचवा म्हणून डोक्यावर फांद्या बांधलेला, कुणी ढोलकी घेऊन, आणि प्रत्येकाच्या हातात फोन. मॅरेथॉनचा खरा धावपटू चार-चार तास फोनला हात लावत नाही. नेटवर्कची खरी परीक्षा ड्रीम रन घेते.

घरात आपण नेटवरून घेतो जास्त, देतो कमी. इथे उलटं. सगळ्यांना काहीतरी पाठवायचंय: फोटो, व्हिडिओ, थेट प्रक्षेपण. पाठवणं हे फोनच्या बारीक आवाजातलं काम, म्हणजे एकेकाला माईक जास्त वेळ लागतो. त्यासाठी रात्री तीन गोष्टी करून ठेवल्या आहेत. एक, जुन्या संथ वेगांना मुळात परवानगीच नाही. एखादा फोन लांबून सेकंदाला एक मेगाबिटने रेंगाळत बोलायला लागला तर तेवढ्या वेळात जवळचे वीस जण आपलं काम आटोपून निघाले असते. त्याने पुढच्या खांबाजवळ यावं. दोन, प्रत्येकाला वेगाची मर्यादा. फोटो सहज जाईल, चकचकीत व्हिडिओला वेळ लागेल. तीन, फोनला दिलेला नेटवर्कवरचा पत्ता (आयपी) अर्ध्या तासात परत. साध्या मांडणीत अशा पत्त्यांचा एक गट २५४चा असतो. इथली गर्दी वाहती आहे. पुढे निघून गेलेल्यांच्या नावावर पत्ते अडकून राहिले तर मागून येणाऱ्याला सिग्नल असून दार बंद.

आठ-चाळीसला फिनिशजवळचा एक चॅनल गुदमरायला लागला. माणसं तेवढीच, पण हवा भरलेली. बरोबरची मुलगी हातात टॅबलेट घेऊन, मान खाली घालून शोधत निघाली. सापडलं: एका स्टॉलवर पैसे घ्यायच्या यंत्रासाठी दोन, आणि शेजारी मोठ्या पडद्यासाठी तिसरा, असे खासगी हॉटस्पॉट, तिन्ही पूर्ण ताकदीवर आणि नेमके आमच्याच चॅनलवर. भांडून उपयोग नसतो, त्यांचाही धंदा आहे. ती म्हणाली, "दादा, मी तुम्हाला वायर आणून देते, तुमचं मशीन अडकणार नाही, तेवढं हॉटस्पॉट बंद करा." तीस मीटर केबल ओढली, पाच मिनिटांत प्रश्न मिटला. वायरलेसमधल्या इतक्या वर्षांनंतर माझं मत पक्कं आहे: जो एका जागी बसलाय त्याला वायर द्या, हवा चालत्या माणसासाठी ठेवा.

साडेनऊ

ही वेळ आधीच मांडता येते. या शर्यतीचा विक्रम इथिओपियाच्या हेले लेमीने २०२३ साली २ तास ७ मिनिटं ३२ सेकंदांत केला. सात-वीसला सुटलेला पहिला पुरुष म्हणजे साडेनऊच्या आधी-नंतर येणार आणि पुढच्या दहा मिनिटांत सगळे छायाचित्रकार एकदम फोटो पाठवणार. त्यांच्या टेबलांवर वायर आहेत. तरी काहीजण रस्त्याच्या कडेला बसून कॅमेऱ्यातूनच पाठवतात, कारण उठून तंबूत जाईपर्यंत दुसऱ्या कुणाचा फोटो पोचलेला असतो. त्यांच्यासाठी वेगळं नाव, वेगळा पासवर्ड, वेगळा चॅनल. इथे मला काही करायचं नसतं. बघत राहायचं. आलेख चढला, टेकला, उतरला.

साडेदहा

दिवसातला मला सगळ्यात जिव्हारी लागणारा तास हाच. पाच-साडेपाच तास धावून माणसं येतायत. गळ्यात पदक, पायांत गोळे, आणि ज्याला भेटायचं तो माणूस गर्दीत कुठे आहे ते ठाऊक नाही.

मदत टेबलापाशी एक गृहस्थ आले, साताऱ्याचे. बनियन मिठाने पांढरी पडलेली. "ताई, ओटीपी येईना झालाय." बोटं एवढी ओली की स्क्रीन दाद देत नाही. मी फोन पुसून दिला, त्यांनी परत नंबर टाकला. काहीच नाही. बरोबरच्यांची गाडी कुठे लागलीय एवढंच त्यांना विचारायचं होतं.

यातली गोम अशी. आपल्याकडे माणसाची ओळख पटवल्याशिवाय सार्वजनिक वाय-फाय देता येत नाही. २००९पासूनचा दूरसंचार विभागाचा हा दंडक आहे आणि सुरक्षेच्या दृष्टीने तो मला पटतो. ओळख पटवायची सर्रास पद्धत म्हणजे मोबाइलवर ओटीपी. पण माणूस वाय-फायकडे येतो तोच मुळी मोबाइलचं नेटवर्क बसलं म्हणून! ज्या दारातून आत जायचं त्याची किल्ली कोंडलेल्या नेटवर्कमधून यायची. आमचे खांब, चॅनल, डिश सगळं चोख असून तो माणूस बाहेर उभा.

टेबलावर आम्ही दुसरी सोय ठेवलीय. ओळखपत्र बघून, नोंद करून हातात कूपन द्यायचं. पण शर्यत पळून आलेल्याच्या खिशात ओळखपत्र कुठलं? या गृहस्थांनी फोनमधलं आधारचं चित्र दाखवलं, नोंद झाली, कूपन दिलं आणि मेसेज गेला. उत्तर आलं तेव्हा ते हसले आणि खुर्चीवर बसून पाय लांब केले. त्यांच्या सातारा जिल्ह्यातल्या माणदेशातली ललिता बाबर या शर्यतीत भारतीय महिलांत अव्वल आली होती आणि पुढे रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. तिचं नाव काढल्यावर त्यांनी पाण्याची बाटली उंचावली.

मागे रांग वाढत होती. टेबलावरच्या दोन मुलांची चार केली.

याच वेळी डॉक्टरांच्या तंबूत एक धावपटू भोवळ येऊन आणलेला. बिबच्या मागे घरच्यांचा नंबर लिहायची जागा असते, त्याने ती कोरी सोडलेली. नर्सने टॅबलेटवर क्रमांक टाकून नोंदणीतला नंबर काढला आणि इंटरनेटवरून फोन लावला. बायको मैदानातच होती. हे मला नंतर, डबे भरताना कळलं. तेव्हा माझ्या पडद्यावर त्या तंबूच्या नावापुढे फक्त हिरवा ठिपका होता.

साडेबारा

ऊन चढलंय. लोखंड तापलंय, दोन रेडिओ तापून मंदावले, पण गर्दीही ओसरलीय. फिनिशचं जाळं शेवटचा धावपटू येईपर्यंत चालू ठेवायचं. सहा-सात तास रस्त्यावर असलेल्या माणसाची वेळही घरी कुणीतरी बघतच असतं. मग टप्प्याटप्प्याने बंद: आधी सर्वांसाठीचं, मग पत्रकारांचं, मग वेळमोजणीचं, डॉक्टरांचा तंबू सगळ्यात शेवटी.

खांब उतरवताना घाई चालत नाही, रात्रभर जागलेली माणसं शिडीवर आहेत. प्रत्येकाला खाली एक धरणारा. केबल आठच्या आकड्यात गुंडाळायची म्हणजे पुढच्या वेळी पीळ पडत नाही. रस्ता वाहतुकीला परत द्यायचा असतो, त्यामुळे महापालिका मार्गावरचं सामान आधी, मैदानातलं नंतर.

अडीच

कुणी कधी जोडलं याच्या नोंदी नियमाप्रमाणे जपून ठेवायला दिल्या, हवेची मोजणी जतन केली. कमानीजवळचा मनोरा पुढच्या वर्षी मुळातच उंच मागायचा, असं आराखड्यावर लिहिलं.

त्याखाली दुसरी मागणी आहे आणि ती मी आयोजकांकडे लेखी देतेय. शर्यतीआधी बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) बिब घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाचं ओळखपत्र तिथे तपासलं जातंच. त्याच टेबलावर, त्याच नोंदीवर, बिबच्या पाकिटात वाय-फायचं एक कूपन घालायचं. घ्यायला येणाऱ्या घरच्या माणसांनी आपलं ओळखपत्र दाखवलं तर त्यांनाही एकेक. कोड मोठ्या अक्षरांत आणि फक्त आकड्यांचा, म्हणजे ओल्या बोटांनीही टाकता येईल.